दात गेल्यानंतर पुढे काय? कृत्रिम दंततज्ज्ञाची भूमिका

किडलेला किंवा हलणारा दात काढला की वेदना थांबतात आणि बहुतेक रुग्ण दवाखान्याची वाट विसरतात. 'एका दाताने काय अडते?' हा समज मात्र महागात पडतो. दात नसलेल्या जागेकडे शेजारचे दात झुकू लागतात, समोरचा दात आधाराअभावी खाली वा वर सरकतो, फटींत अन्न अडकून नवी कीड सुरू होते. दाताचा आधार गेलेले जबड्याचे हाडही झिजत जाते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वाधिक असते. त्यामुळे उपचार जितका लांबणीवर पडतो, तितका तो अवघड होतो.

नागपुरात मनीषनगरसारख्या झपाट्याने वाढलेल्या वस्तीत दंतवैद्य शोधावा लागत नाही. तथापि, गेलेले दात पुन्हा बसविणे ही दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे, याची माहिती थोड्यांनाच असते. या शाखेला कृत्रिम दंतशास्त्र आणि तिच्या तज्ज्ञाला प्रोस्थोडॉन्टिस्ट म्हणतात. बीडीएसनंतर तीन वर्षांचा एमडीएस अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर ही पात्रता मिळते. 1968 मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

उपचारांचे पर्याय

रूट कॅनॉल झालेल्या किंवा तुटलेल्या दातावर कॅप बसविली जाते. एखादा दात नसेल तर दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्या आधाराने ब्रिज बसविता येतो. बरेच दात नसतील तर काढ-घाल करता येणारी अर्धी कवळी आणि एकही दात नसेल तर पूर्ण कवळी दिली जाते.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसविलेला टायटॅनियमचा स्क्रू. टायटॅनियमशी हाड घट्ट जुळते, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ ब्रॉनेमार्क यांना 1952 मध्ये आढळले आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. हाड जुळण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. मधुमेह आटोक्यात नसणे, धूम्रपान आणि हिरड्यांचा आजार यांमुळे अपयशाचा धोका वाढतो.

खालची कवळी वरच्या कवळीपेक्षा अधिक हलते. तिला आधाराची जागा कमी मिळते आणि जीभ तिला सतत ढकलत असते. अशा वेळी दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकविता येते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात 2002 मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने खालच्या दंतहीन जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत मांडले होते.

कवळी विकत मिळत नाही, बसवावी लागते

प्राथमिक माप, अंतिम माप, दोन्ही जबड्यांतील अंतराची नोंद, मेणातील दातांची चाचणी आणि शेवटी प्रत्यक्ष कवळी, अशा सुमारे पाच भेटी त्यासाठी लागतात. रस्त्याकडेला वा अप्रशिक्षित व्यक्तीकडून तासाभरात चिकटवून घेतलेले दात स्वस्त वाटतात. परंतु ते काढता येत नसल्याने त्यांखाली घाण साचते, हिरड्या सुजतात आणि शेजारचे निरोगी दातही गमवावे लागतात.

खर्रा आणि कर्करोग

विदर्भात या तज्ज्ञाचे काम अधिक कठीण करणारी गोष्ट म्हणजे खर्रा. त्यातील सुपारीमुळे गालाच्या आतील अस्तर ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. दोन बोटेही आत जात नसतील, तर माप घेण्याचा साचा कसा जाणार? अशा रुग्णांसाठी दोन भागांत जोडता येणारी कवळी तयार करावी लागते.

तोंडाच्या कर्करोगात वरचा जबडा काढावा लागला तर टाळूला भगदाड पडते. घोट घेतला की पाणी नाकातून बाहेर येते, बोलणे समजत नाही. 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसच्या अनेक रुग्णांवर हीच वेळ आली. त्यांत नागपूर व विदर्भातील रुग्णही मोठ्या संख्येने होते. हे भगदाड बुजविणारी टाळूची पट्टी, म्हणजेच ऑब्च्युरेटर, कृत्रिम दंततज्ज्ञ तयार करतो. ती बसविल्यावर रुग्ण पुन्हा जेवू व बोलू शकतो. पहिली पट्टी शस्त्रक्रियेच्या वेळीच बसविता यावी, यासाठी माप शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावे लागते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरतानाच या तज्ज्ञाची भेट घ्यावी.

ही काळजी घ्या

* कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळते पाणी वापरू नये.
* कवळी रोज मऊ ब्रशने व साबणाने घासावी. प्रत्येक जेवणानंतर ती धुऊन चूळ भरावी.
* कवळी सैल झाल्यास किंवा टोचत असल्यास घरी कानस लावू नये.
* दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा दिसल्यास तपासणी टाळू नये.
* मधुमेह, रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे सुरू असल्यास ती दंतवैद्यास आधी सांगावीत.

दात काढण्याचा निर्णय होतो, त्याच दिवशी त्या जागी पुढे काय बसवायचे, हे दंतवैद्यास विचारावे. हाड शाबूत असताना पर्याय अधिक असतात.