एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू: पार्टिशन आधी कागदावर करा

जळगावला इंजिनिअरिंगला असताना उबुंटू टाकायच्या घाईत मी 'इरेज डिस्क' निवडलं. लॅपटॉप धुळ्याच्या रूममेटचा होता. त्याचा प्रोजेक्ट, बहिणीच्या लग्नाचे फोटो, सगळं गेलं. तेव्हापासून आधी कागदावर हिशोब.

५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण ४७६ दिसते. त्यातले मी १८० विंडोजला देतो, ६० उबुंटूला (२५ मध्येही बसतं, पण अँड्रॉइड स्टुडिओ टाकला की बोंब) आणि उरलेल्या जागेत एनटीएफएस डेटा पार्टिशन, म्हणजे फाइल दोन्हीकडून उघडतात. छोट्या ईएफआय पार्टिशनला हात लावू नका, बूटलोडर तिथेच असतात.

सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा. पण त्याआधी बॅकअप घ्या, तोही बाहेरच्या हार्ड डिस्कवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेला मी बॅकअप धरत नाही. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून घ्या. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर उबुंटूमधून विंडोजच्या पार्टिशनवर फाइल सेव्ह होत नाहीत.

लॅपटॉप जुना असेल तर डिस्क एमबीआर आहे का बघा. त्यात चारच प्रायमरी पार्टिशन होतात, आणि कंपनीची रिकव्हरी पार्टिशन धरून ती बऱ्याचदा आधीच भरलेली असतात.