समुद्रपातळीवाढ व स्थलांतर

तापमानवाढीमुळे समुद्राचे पाणी प्रसरण पावते, जमिनीवरील बर्फ वितळते आणि समुद्रपातळी चढते. १९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंमी. वाढली. नाशिकजवळचे एकलहरे समुद्रापासून दूर, पठारावर असले तरी या विषयाबाहेरचे नाही. गोदाकाठच्या तेथील औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत (त्यांपूर्वीचे दोन लहान संच बंद झाले). तेथे जळणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके वातावरणात राहतो. अर्थात, भारताचे दरडोई उत्सर्जन अमेरिकेच्या तुलनेत अगदीच कमी असल्याने दोन्ही देशांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरते.

समुद्रपातळीवाढीची झळही सर्वांना सारखी नसते. १९५३ च्या महापुरानंतर नेदरलँड्सने पैशाच्या बळावर प्रचंड सागरी बांध उभारले. पालघरमधील सातपाटी किंवा मालवणजवळील देवबाग येथील मच्छीमारांना मात्र धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी सरकारकडे पुनःपुन्हा मागणी करावी लागते. गरीब देशांतील विस्थापित बहुधा देशातल्याच शहरांत जातात. श्रीमंत देशांवर लोंढे येतील ही भीती अतिरंजित आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत हवामानामुळे घर सोडणाऱ्यांचा उल्लेख नाही. मात्र २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने पॅसिफिकमधील तुवालू या बेटराष्ट्राशी करार करून वर्षाला २८० नागरिकांना प्रवेश देण्याचे मान्य केले.