वेळ अमावास्या

वेळ अमावास्या (बोलीत येळवस, कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्ये) : मार्गशीर्ष अमावास्येला घराला कुलूप लावून सगळ्या कुटुंबाने शेतात जायचे, तिथे कडब्याची खोप उभारून पूजा करायची, जेवायचे आणि दिवेलागणीपर्यंत रानातच राहायचे, असा सण. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि सीमेपलीकडे बीदर व कलबुर्गी जिल्हे हा त्याचा मुलूख. अक्कलकोटला लागून असलेल्या, भीमाकाठच्या अफजलपूर तालुक्यात तो दोन्ही भाषांत साजरा होतो.

कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ आणि ‘एळु’ म्हणजे सात. ज्येष्ठापासून मोजले तर ही अमावास्या सातवी येते, म्हणून काही जण नावाचा संबंध साताशी जोडतात. तिळाची उपपत्ती अधिक पटते. थंडीच्या या दिवसांत पानात तीळ असतोच. सण साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत येतो. २०२३ मधल्या अधिक श्रावणामुळे त्या वर्षी तो आलाच नाही आणि २०२४ मध्ये दोनदा आला : ११ जानेवारी आणि ३० डिसेंबर.

अफजलपूर हा काळ्या जमिनीचा, शाळूचा आणि तुरीचा प्रदेश. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच मातीतली. दाट जंगल इकडे नाही. बांधावरचा लिंब, एखादी बाभूळ किंवा चिंच एवढीच सावली. त्यामुळे इथले वनभोजन पिकात होते. कार्तिकातल्या आवळीभोजनात झाडाची पूजा असते. इथे पूजेचा मान उभ्या रानाला आहे. शाळू पोटऱ्यात किंवा निसवलेला, हरभऱ्याला घाटे, तूर काढणीला आलेली. पिकाने भरलेल्या भुईचे हे डोहाळजेवण समजतात.

खोप (काही गावांत ‘कोप’) ज्वारीच्या धाटांची करतात. पेंढ्या तिरप्या टेकवून शेंडे वर एकत्र बांधायचे आणि वरून शाल किंवा नवे वस्त्र घालायचे. आत पाच दगड मांडून त्यांना चुना किंवा काव लावतात, ते पांडव. लक्ष्मीही तिथेच पूजतात. एका दिवसासाठी उभा राहणारा हा निवारा शेतातल्याच जिनसांचा असतो, आणि सणाचे सगळे सौंदर्य मला त्यात दिसते. नैवेद्य दाखवून झाला की अन्न आणि आंबील शिवारभर शिंपडत फिरायचे. कन्नडमध्ये याला ‘चरग चेल्लुवुदु’ म्हणतात.

स्वयंपाकाची तयारी आदल्या दिवसापासूनच सुरू होते. मुख्य पदार्थ भज्जी : हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे, पालेभाज्या आणि मिळतील त्या फळभाज्या बेसन लावून एकत्र शिजवायच्या. ही तळलेली भजी नव्हेत. नावामुळे पाहुणे हमखास फसतात. सोबत बाजरीचे उंडे, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेंगांची पोळी, गव्हाची खीर. आंबील ताकात ज्वारीचे पीठ घालून, लसूण-आल्याचा वास लावून मडक्यात मुरवलेली असते. मडके डोक्यावर घेऊन शेताची वाट धरलेली बाई हे या सणाचे खरे चित्र.

ज्याला शेत नाही तोही उपाशी राहत नाही. शेजारी, मजूर, शाळेतले शिक्षक, सोलापूर-पुण्याहून आलेले पाहुणे यांना आग्रहाने बोलावणे असते, आणि एका दुपारी दोन-तीन शेतांवर जेवावे लागते. जेवणानंतर मुले झाडाला झोका बांधतात, मोठी माणसे सावलीत कलंडतात. लातूरला या दिवशी स्थानिक सुटी असते आणि बाजारपेठ ओस पडते.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य विभागले गेले. लातूर-धाराशिव मुंबई राज्यात आणि बीदर-कलबुर्गी म्हैसूर राज्यात गेले; येळवशीचा मुलूख मात्र आजही सलग आहे.

संध्याकाळी खोपीपुढे दूध उतू घालतात. ज्या दिशेला ते उतू जाईल, तिकडे पीक चांगले येईल असे मानतात. मग कडब्याचा टेंभा पेटवून कोणीतरी उभ्या पिकाच्या कडेने पळत फेरी घालतो, बाकीचे हाका देत त्याच्यामागे धावतात, आणि अंधार पडता पडता रिकामी मडकी घेऊन मंडळी गावाकडे निघतात.