सरहद्दीवरचे नाके आणि 17 सप्टेंबर

गणेशोत्सवाच्या आगेमागेच 17 सप्टेंबर येतो. 1948 साली याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. भारतीय सैन्य 13 तारखेला आत शिरले आणि पाच दिवसांत सारे संपले, एवढे आम्हा हैदराबादकर मराठी मंडळींना पाठ असते. त्याआधी वर्षभर सरहद्दीवर जे घडले, त्याची आठवण मात्र पुसट होत चालली आहे.

ऑगस्ट 1947 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने सत्याग्रह सुरू केला. स्वामीजींना अटक झाली. गावोगाव रझाकारांचा जाच वाढला. तेव्हा दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने लढा पुढे चालवला. संस्थानाच्या हद्दीबाहेर कॅम्प उभे राहिले. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडातील उमरखेड हा त्यांतला एक. बार्शीकडे आणि मनमाडलाही असेच कॅम्प होते.

तेथून निघालेल्या तुकड्या रात्री हद्द ओलांडून करोडगिरी नाक्यांवर आणि पोलीस चौक्यांवर छापे घालीत. नाकेच का? कारण रयतेला सरकार भेटे ते तिथेच. मालावर जकात तिथे द्यावी लागे आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजरही तिथूनच राही. नाका उठला की सरकारचे उत्पन्न बुडे, वाट मोकळी होई आणि गावाच्या मनातली भीती थोडी उतरे.

काचीगुड्याहून निजामाबादमार्गे नांदेडला जाताना धर्माबादनंतर उमरी स्टेशन लागते. 30 जानेवारी 1948 रोजी कार्यकर्त्यांनी तिथली बँक लुटून सुमारे 21 लाख रुपये लढ्यासाठी नेले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. गांधीजींना मानणाऱ्या माणसांनी हाती बंदूक घ्यावी का, हा प्रश्न त्या पिढीला सोपा नव्हता.

याची किंमतही मोठी होती. छापा घालणारे पहाटेपर्यंत हद्दीपार होत. गाव मात्र जागेवरच राही आणि सूड त्याच्यावर उगवला जाई. कित्येक कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत निरपराध मुसलमानांनाही फार सोसावे लागले. पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवले आहे. हाही आमच्याच इतिहासाचा भाग आहे. तो वगळून अभिमान बाळगणे बरे नाही.

आमच्यापैकी अनेकांची मुळे तेव्हाच्या पाच मराठवाडी जिल्ह्यांत आहेत. नाके गेले, हद्दीही पुसल्या. पण कोणत्या घरात कोणाला रात्री भाकरी दिली गेली, कोण परतले नाही, हे सांगणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. उत्सवात सारे घर एकत्र येते. आरती झाल्यावर वडीलधाऱ्यांजवळ बसून आम्ही एवढे तरी विचारून लिहून ठेवू या.