येरवड्याच्या गालिच्याची वाटचाल

तुर्कमेन बाया समोर नकाशा न ठेवता गालिचा विणतात. आपल्या टोळीचं ‘गुल’, म्हणजे लाल पटावर ओळीने येणारं ते कोनाकोनांचं चिन्ह, आईच्या शेजारी बसून त्यांच्या बोटांत उतरलेलं असतं. आपल्याकडे येरवड्याचा गाठींचा गालिचा नावारूपाला आला तो तुरुंगात. तो विणणारे कैदी वारशाने नव्हे, शिक्षेमुळे मागावर बसले होते.

येरवड्याचं मध्यवर्ती कारागृह 1871 चं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आग्रा, लाहोरच्या तुरुंगांप्रमाणे इथेही गालिचे होऊ लागले. विंडसरच्या राजवाड्यातला प्रचंड गालिचा आग्र्याचा. येरवड्याचं भाग्य वेगळं होतं. त्याला विजापूर लाभलं. तिथल्या आसार महालात आदिलशाही काळापासून जपलेल्या जुन्या गालिच्यांवरून इथे प्रती विणल्या गेल्या. उभ्या दोऱ्यांच्या जोडीला लोकरीचा वेढा द्यायचा, खाली ओढायचा, सुरीने कापायचा. ओळ भरली की आडवा दोरा घालून पंजाने ठोकायची. मग पुढची ओळ. दिवसभर खपूनही काम जेमतेम बोटभर वर सरकतं. अशा कामाला लागणारा वेळ तुरुंगाकडे मुबलक होता.

पण तुरुंगातल्या या कामाची किंमत बाहेरच्या विणकरांनी मोजली. बेळगावात जन्मलेल्या, मुंबईत डॉ. भाऊ दाजींसोबत संग्रहालयासाठी झटलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 च्या आपल्या ग्रंथात तुरुंगी गालिच्यांवर कडाडून टीका केली. कैद्यांच्या स्वस्त मजुरीपुढे घरचे माग टिकेनात, घाईच्या मालाने नक्षी बिघडली, असा त्यांचा आक्षेप होता. तो मला रास्त वाटतो. तरीही विजापुरी नमुना समोर ठेवून केलेल्या कामाला त्याच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. त्या हातांनी एका दख्खनी ठेव्याची नक्षी पुन्हा जिवंत केली.

पुढे येरवड्याचं नाव घरोघरी पोचलं ते राजबंद्यांमुळे. 1923 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगातून सावरकरांना इथे हलवलं. गांधीजी इथे होते, 1932 चा पुणे करार इथेच झाला. गांधीजींच्या चरख्याची आठवण राहिली, गालिच्याची मागे पडली. आजही इथल्या कारखान्यांत कैदी काम करतात, त्यांचा माल विक्रीला येतो.

विजापूरचे जुने गालिचे आता गोलघुमटापुढच्या संग्रहालयात आहेत. त्यांच्या शेजारी येरवड्याची एखादी प्रत मांडायला हवी, आणि पाटीवर ‘कैद्यांनी विणलेला’ असं स्पष्ट लिहायला हवं.