ब्याण्णव टक्के नव्हे

गेल्या वर्षी जूनमध्ये अकोल्याहून मामांचा फोन. "पोरीले सीईटीत ब्याण्णव टक्के भेटले. मंग गव्हर्मेंट कॉलेज पक्कं ना बाप्पा?"

ते टक्के नव्हते, पर्सेंटाइल होतं.

मी अमरावतीतून बारावी झालो 2015 साली. 2014 आणि 2015 अशी दोन वर्षं राज्याने अभियांत्रिकीसाठी स्वतःची सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन स्वीकारली होती. निम्मं वजन तिला, निम्मं बारावीच्या गुणांना. बोर्डाच्या गुणांनी मी तरलो. 2016ला सीईटी परत आली. वर्षभर उशिरा जन्मलो असतो तर बहुधा 'हुशार' ठरलो नसतो.

2019पासून सीईटी संगणकावर, अनेक सत्रांत होते. दर सत्राचा पेपर वेगळा, त्यामुळे नुसत्या गुणांची तुलना करता येत नाही. म्हणून पर्सेंटाइल: तुमच्या सत्रातल्या शेकडा किती मुलांना तुमच्याइतके किंवा त्याहून कमी गुण पडले. समजा 4 लाख मुलं बसली, तर 92 म्हणजे पुढे 32 हजार. आणि अमरावतीच्या 1964च्या सरकारी कॉलेजात जागा काही शेकड्यांत. (तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढणारेही पुष्कळ भेटतात. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून निघतं, आणि 200पैकी 100 गुण एकट्या गणिताचे.)

हे सगळं एका गृहीतकावर उभं आहे: सकाळची मुलं आणि दुपारची मुलं साधारण सारखीच तयारीची. ते बहुतेक वेळा चालून जातं.

पण 27 एप्रिल 2025च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या 50पैकी 21 प्रश्नांत चुका निघाल्या. कुणी म्हणेल, नुकसान सगळ्यांचंच सारखं, मग क्रम का बदलेल? बदलतो. ज्याला गणित येतं तोच, उत्तर पर्यायांत सापडेना म्हणून पुन्हा मांडणी करत बसतो. ठोकून देणारा पुढे सरकतो, कारण चुकीला गुण कापत नाहीत. हे सूत्राला दिसत नाही. त्या सत्राची 5 मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली, हे योग्यच झालं.

मामांना मी रांगेचं उदाहरण दिलं.

"म्हंजे आपल्या समोर बत्तीस हजार?"

"अंदाजे. आरक्षण, विद्यापीठाचं क्षेत्र, ते वेगळंच."

"हं." थोडं थांबून म्हणाले, "मंग शेगाव लागन का?"