धाब्याची माती अन् भिंतीची माती

या आठवड्याची नोंद वावराची नाही, घराची आहे. जुन्या शहरातल्या आमच्या वाड्याचा अर्धा भाग, मोठ्या भावाच्या वाटणीचा, दिवाळीनंतर पाडायचं ठरलं. वाटणी त्याची, निर्णयही त्याचाच. पाडायच्या आधी एकदा नीट पाहून घ्यावं म्हणून टेप घेऊन घरभर फिरलो.

वाडा कोणी बांधला याचा कागद आमच्याकडे नाही. असता तरी किती धरून चालायचं? आपल्या असदगडाचंच पाहा. नाव औरंगजेबाच्या असदखानाचं, अन् अगरवेशीवरचा मराठी लेख म्हणतो, १८४३ साली गोविंद आप्पाजींनी किल्ला बांधला. मला वाटते डागडुजी करणाराही 'बांधला' असंच लिहून ठेवतो. आमच्या घरी तर प्रत्येक पिढीनं 'हे म्या बांधलं' म्हटलेलं आहे.

सर्वांत जुनी ओसरी. खाली चार फूट दगड, वर पांढऱ्या मातीची अडीच फूट जाड भिंत. पांढरीच काहून, हे आपल्याला सांगायची गरज नाही. काळी पाण्यानं फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यात पऱ्हाटी उभी राहते, भिंत नाही. ओसरीखाली पेव आहे. तळाला अन् बाजूंनी कुटार लावून त्यात ज्वारी भरत. पेव उघडलं की लगेच कोणी उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर आत माणूस जगत नाही. म्हणजे तेव्हा हे घर ज्वारीचं होतं.

मागची भिंत फोडून बंडी आत येईल एवढा दरवाजा केलेला आहे, वर विटांची कमान. जुन्या भिंतीत वीट कुठंच नाही, म्हणून ही कमान कापसाच्या पैशाची असावी असा माझा अंदाज. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली. दरवाज्याला लागून कापसाची खोली. १९७२ च्या एकाधिकार खरेदीनंतर नंबर लागेपर्यंत कापूस इथंच पडून राहायचा, अन् आम्ही पोरं त्याच्यावर झोपायचो. आता तिथं सोयाबीनचे कट्टे अन् फवारणीचा पंप.

खरी अक्कल वरती आहे. धाब्यावर सागाच्या कड्या, त्यावर फळ्या, अन् त्यावर हातभर खारी माती. खारपाणपट्ट्यातली जी माती आपल्याला रडवते, तीच इथं कामाची. सोडियममुळे ती पावसात विरघळल्यासारखी पसरते, बारीक भेगा आपोआप बुजवते अन् पाणी खाली उतरू देत नाही. गवतही नीट उगवत नाही. वावरात शाप, धाब्यावर वरदान!

चूक केली ती मी. पंचवीस वर्षांपूर्वी ओसरीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं, शेणामातीनं दरसाल सारवायचा कटकटा नको म्हणून. दोन पावसाळ्यांत प्लास्टर फुगलं. उकरून पाहिलं तर आतली माती ओलीच. ओल बाहेर पडायला जागाच ठेवली नव्हती. आई तेव्हा एवढंच म्हणाली, "भिंतीचा गळा दाबला तू."

आता कामाचं. जुन्या घराची माती वावरात टाकायची आपली रीत आहे, भावानंही तेच ठरवलं. त्याला सांगितलं, तुम्हालाही सांगतो: धाब्याची अन् भिंतीची माती एका ट्रॉलीत भरू नका. भिंतीची पांढरी चालते, तरी आधी कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. धाब्याची खारी मात्र काळ्या वावरात चुकूनही टाकू नका, पाणी मुरायचं बंद होईल.

भाऊ हो म्हणाला. खारी मी मागून घेतली आहे. माझ्या अर्ध्या धाब्याला या उन्हाळ्यात एक थर द्यायचाच होता. पेव मात्र नेमकं वाटणीच्या रेषेवर आलं. त्याचं काय करायचं, हे अजून आम्ही दोघंही बोललो नाही.